पाऊस कुणाच्या रानातून येतो

डोंगरउतारावरच्या लहानशा ओढ्यावर एक आडवी भिंत घालतात. भिंतीच्या मधोमध धारदार कडांची त्रिकोणी खाच असते आणि ओढ्याचं सगळं पाणी त्या खाचेतूनच पुढे जातं. खाचेत पाणी किती चढलंय हे पाहिलं की त्या घडीला ओढ्यातून किती पाणी वाहतंय याचा हिशेब लागतो. साधन एवढंच. जंगल आणि पाणी यांच्या नात्याबद्दल आज जे खात्रीनं सांगता येतं, त्यातलं बरंचसं अशा खाचांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून बसलेल्या माणसांनी मिळवलेलं आहे. मला या विषयाची गोडी लागली ती त्या माणसांमुळे. झाडांबद्दल प्रेमानं बोलणारे पुष्कळ भेटतात. झाडांखालून वाहणारं पाणी रोज उठून मोजणारे थोडे.

प्रश्न त्या भिंतींपेक्षा बराच जुना आहे. १८०० साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया सरोवराकाठी पोचला तेव्हा सरोवर मागे हटत चाललं होतं. तळाशी कुठंतरी गुप्त वाट असून पाणी तिथून निसटतंय, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. हम्बोल्टनं भोवतालचे उघडे पडलेले डोंगर पाहिले, शेतीसाठी वळवलेले प्रवाह पाहिले आणि कारण तिथं दाखवलं. पुढे विसाएक वर्षांनी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो तिथं गेला. मधल्या काळात स्वातंत्र्ययुद्धानं शेती मोडली होती, सोडून दिलेल्या जमिनीवर रान माजलं होतं आणि सरोवर पुन्हा भरत आलं होतं. झाडं गेली की पाणी जातं, झाडं आली की पाणी येतं, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि दूरवर पसरला. पण शेती मोडली तेव्हा वळवलेलं पाणीही सरोवराला पुन्हा मिळू लागलं होतं. मग सरोवर भरलं ते झाडांमुळे की पाट बंद पडल्यामुळे? नुसतं पाहून हा गुंता सुटत नाही.

तो सोडवण्याची पहिली धडपड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या एमेन्टालमध्ये झाली. शेजारशेजारची दोन लहान खोरी घेतली. एक जवळजवळ पूर्ण जंगलाचं, दुसऱ्यात बहुतेक कुरणं आणि थोडं जंगल. दोन्हीकडचं पाणी मोजायचं आणि तुलना करायची. अडचण अशी की कोणतीही दोन खोरी तंतोतंत सारखी नसतात; खालची माती वेगळी, उतार वेगळा, झरे वेगळे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वॅगन व्हील गॅप इथे १९१० साली यावर तोड निघाली. तिथं दोन्ही खोऱ्यांमधलं रान जसंच्या तसं ठेवून आधी काही वर्षं नुसतं मोजलं. एका खोऱ्याचं पाणी कळलं की दुसऱ्याचं किती असेल याचा अंदाज बांधता येईल इतकी त्यांची ओळख करून घेतली. मग १९१९ मध्ये त्यातल्या एकातली झाडं तोडली आणि १९२६ पर्यंत मोजत राहिले. मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते. बदल करण्याआधी, बदल न करता राहण्याची जी वर्षं त्यांनी दिली, त्या वर्षांमुळेच पुढच्या आकड्यांना अर्थ आला.

आणि आकडे उलटेच आले. झाडं तोडलेल्या खोऱ्यातून पाणी जास्त वाहिलं. पुढे नॉर्थ कॅरोलिनात कोवीटा इथे १९३४ पासून असेच प्रयोग सुरू झाले, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, जपानमध्ये झाले. १९८२ साली बॉश आणि हेवलेट या दोघांनी जगभरातले असे ९४ प्रयोग एकत्र मांडले. झाडोरा कमी झाला की ओढ्याचं पाणी वाढतं, झाडोरा वाढला की ते घटतं, ही दिशा बहुतेक सगळीकडे तीच होती. सूचिपर्णी झाडं आणि निलगिरी यांच्या बाबतीत झाडोऱ्यात दहा टक्के फरक पडला, तर वर्षाच्या प्रवाहात साधारण ४० मिलिमीटरचा (म्हणजे साऱ्या खोऱ्यावर तेवढ्या जाडीच्या थराएवढ्या पाण्याचा) फरक, रुंद पानांच्या पानगळी झाडांसाठी २५, झुडपांसाठी १०.

यामागची कारणं गूढ नाहीत. झाडाची मुळं गवतापेक्षा खोल जातात, म्हणून वरची माती सुकली तरी झाड खालचं पाणी ओढत राहतं. आणि दुसरं कारण पानांवरच असतं. हलकी सर आली की दाट झाडाखाली उभ्या माणसाला बराच वेळ थेंबही लागत नाही. तो पाऊस पानांवर, फांद्यांवर, सालीवर थांबलेला असतो आणि सर ओसरताच वारा त्यातला पुष्कळसा तिथूनच उचलून नेतो. मातीपर्यंत तो पोचतच नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरातल्या एका जलाशयाजवळ फ्रँक लॉ या पाणीपुरवठा अभियंत्यानं १९५०च्या दशकात सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लागवडीखाली हे मोजलं आणि गवतापेक्षा या लागवडीतून बरंच जास्त पाणी उडून जातं, असं १९५६ साली जाहीर केलं. जलाशयांभोवती झाडं लावणं हे तोवर शहाणपणाचं मानलं जात होतं. लॉच्या आकड्यांवर मोठा वाद झाला. तो मिटवायला वेल्समध्ये प्लिनलिमन इथे एक जंगलाचं आणि एक गवताळ अशी दोन खोरी घेऊन दीर्घ मोजणी करावी लागली. लॉचा मुद्दा टिकला.

इथवर वाचून कुणाला वाटेल की जंगल म्हणजे पाण्याचा शत्रू. मला तसं कधी वाटलं नाही, आणि ते मेलबर्नच्या जंगलांमुळे. मेलबर्न शहराला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांवर माउंटन अ‍ॅश नावाचे प्रचंड उंचीचे निलगिरी वृक्ष आहेत. १९३९ च्या वणव्यात त्यांची मोठमोठी जुनी रानं जळाली. राखेतून एकाच वयाची कोवळी रोपं दाटीनं उगवली. जळाल्यावर पाणी वाढेल अशी अपेक्षा होती. नव्या वाढीनं जोर धरल्यावर मात्र प्रवाह घटत गेले. जॉर्ज कुचेरा यानं १९८०च्या दशकात या नोंदींचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की पंचवीस-तीस वर्षांचं तरुण रान जुन्या रानाच्या जवळजवळ निम्मंच पाणी ओढ्याला सोडतं, आणि मूळ पातळी परत यायला शंभराहून अधिक वर्षं लागू शकतात. म्हातारी झाडं विरळ असतात, त्यांच्या पानांचं एकूण क्षेत्र कमी असतं, रसवाहिन्यांचं लाकूड कमी असतं. ती शांतपणे, थोडकं पितात. म्हणजे जंगल तोडलं की पाणी वाढतं हे वाक्य काही वर्षांपुरतं खरं आणि पुढच्या अनेक दशकांसाठी खोटं ठरू शकतं. जुनं रान राखण्याच्या बाजूनं याहून भक्कम पुरावा मी वाचलेला नाही, आणि तो भावनेतून आलेला नाही, खाचेतून आलेला आहे.

लागवडीची गोष्ट वेगळी. २००५ साली रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या लागवडींच्या पाचशेहून अधिक वार्षिक नोंदी तपासल्या. गवताळ आणि झुडपी जमिनीवर झाडं लावल्यावर ओढ्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटला होता आणि १३ टक्के ओढे निदान एक वर्षभर पूर्ण कोरडे पडले होते. हवेतला कार्बन शोषायचा तर त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते, असं त्या लेखाचं म्हणणं. दक्षिण आफ्रिकेनं तर १९९८ च्या पाणी कायद्यात व्यापारी वनलागवडीला प्रवाह घटवणारा वापर म्हणून नोंदवलं आणि त्यासाठी परवाना लावला. वैज्ञानिक मोजणी इतक्या सरळपणे कायद्यात उतरल्याची उदाहरणं फार नसतील.

ओढ्याच्या तोंडाशी उभं राहिलं की झाडानं वर सोडलेलं पाणी वजाबाकीच्या रकान्यात जातं. ते गेलं, संपलं. पण वाफ कुठंतरी जातेच ना? या प्रश्नापाशी संशोधनाची दिशा वळली, आणि ती वळवण्यात ब्राझीलच्या एनेआस सालाती यांचा वाटा फार मोठा आहे.

सालातींची पद्धत समजून घेताना मला जो आनंद झाला होता तो अजून आठवतो. पाण्याच्या काही रेणूंमधला ऑक्सिजन नेहमीच्या ऑक्सिजनपेक्षा किंचित जड असतो. ढगातून पाऊस पडतो तेव्हा जड रेणू आधी खाली येतात, म्हणून उरलेली वाफ हलकी होत जाते. अटलांटिकवरून निघालेला वारा अ‍ॅमेझॉनवरून पश्चिमेकडे जाताना वाटेत पाऊस पाडत जातो. तेव्हा समुद्रापासून जितकं आत जावं तितका पाऊस हलका होत गेला पाहिजे. सालातींनी ठिकठिकाणच्या पावसाचे नमुने तपासले तर तो अपेक्षेपेक्षा खूपच कमी हलका झालेला दिसला. जड रेणू परत हवेत येत होते. जमिनीवर पडलेलं पाणी मुळांनी उचललं होतं आणि पानांनी जड-हलकं असा भेद न करता पुन्हा वर सोडलं होतं. १९७९ च्या त्या लेखानं दाखवलं, की अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला साधारण निम्मा पाऊस त्याच खोऱ्यातून पुन्हा वर गेलेल्या पाण्याचा असतो. तोवर हवामान जंगल घडवतं असं धरून चालत; जंगलही हवामान घडवतं हे इथं पावसाच्या थेंबात मोजलं गेलं.

यानंतर मोजणीची जागा हळूहळू आकाशाकडे सरकली. झाडांच्या शेंड्यांवर उभारलेल्या मनोऱ्यांवरून वाफेचे झोत सेकंदासेकंदाला टिपले जाऊ लागले. अ‍ॅमेझॉनमधला असा एक मनोरा ३२५ मीटर उंच आहे. २००२ पासून ग्रेस या उपग्रहांच्या जोडीनं गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म बदलांवरून जमिनीत साठलेल्या पाण्याची घटवाढ सांगायला सुरुवात केली. ब्राझीलमध्ये जेरार मॉस या वैमानिकानं छोट्या विमानातून हवेतल्या वाफेचे नमुने गोळा केले आणि वाऱ्यावरून वाहणाऱ्या वाफेसाठीचा उडत्या नद्या हा शब्द तिथल्या शाळकरी मुलांपर्यंत पोचला.

२०१० साली रूड व्हान डेर एंट आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीचा हिशेब मांडला. जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी ४० टक्के पाणी समुद्रातून थेट न येता जमिनीवरूनच उडालेलं असतं, आणि जमिनीवरून उडणाऱ्या पाण्यापैकी ५७ टक्के पुन्हा जमिनीवरच पडतं. दोन वर्षांनी डॉमिनिक स्प्रॅकलन यांनी उष्ण कटिबंधातल्या वाऱ्यांचे माग काढले. आदल्या काही दिवसांत दाट हिरवाईवरून आलेल्या हवेतून, उजाड प्रदेशावरून आलेल्या हवेपेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, असं उष्ण कटिबंधातल्या ६० टक्क्यांहून अधिक जमिनीवर आढळलं. २०१७ चं एक काम मला या सगळ्यांत जास्त भिडलं. दक्षिण अ‍ॅमेझॉनमध्ये पावसाळा सुरू होतो तो समुद्रावरून बाष्प आणणारी वाऱ्यांची व्यवस्था तिथं पोचण्याच्या दोन-तीन महिने आधी. मग सुरुवातीचं बाष्प आणतं कोण? उपग्रहांनी वाफेतल्या जड हायड्रोजनचं प्रमाण तपासल्यावर खूण पटली: कोरड्या ऋतूच्या शेवटी झाडंच खोल मुळांतून पाणी उपसून हवा ओली करतात, त्यातून ढग उठतात, आणि तापलेली हवा वर चढू लागली की समुद्रावरचा ओला वारा आत ओढला जातो. ती मुळं किती खोल असतात हे डॅनियल नेपस्टॅड यांनी १९९४ मध्येच दाखवलं होतं. पूर्व अ‍ॅमेझॉनमध्ये आठ मीटरच्याही खाली.

रशियातल्या व्हिक्टर गोर्शकोव्ह आणि अनास्तासिया माकारिएवा या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये याच्याही पुढची उडी मारली. वाफेचं पाणी होताना हवेचा दाब घटतो आणि त्या घटीमुळेच समुद्रावरचे वारे खंडाच्या आत ओढले जातात, तेव्हा सलग जंगल हा वाऱ्याचा पंप आहे, असं त्यांनी मांडलं. बहुसंख्य हवामानशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. त्यांचा एक लेख अडीच वर्षं परीक्षणात अडकला आणि २०१३ मध्ये छापला गेला तेव्हा संपादकानं सोबत खुलासा जोडला, की हे छापणं म्हणजे मान्यता नव्हे, पण चर्चा पुढे जावी. मलाही तो सिद्धांत पूर्ण पटत नाही. त्यातला परिणाम खरा असला तरी सांगितला जातो तेवढा मोठा असेल का, ही शंका राहते. तरी तो खुलासा वाचून बरं वाटलं. विज्ञानाला न पटलेल्या विचारासाठीही जागा ठेवता येते.

तर मग झाडं पाणी देतात की पितात? २०१२ साली डेव्हिड एलिसन आणि सहकाऱ्यांनी या भांडणाचं मूळ नेमकं दाखवलं. ओढ्यावर मोजणारे लहान खोरं पाहतात, तिथं झाड हे खर्चाच्या बाजूला असतं. वाऱ्यामागे जाणारे खंड पाहतात, तिथं तेच झाड जमेच्या बाजूला असतं. दोघांचेही आकडे बरोबर आहेत. उगमाजवळचा माणूस घटलेला झरा पाहतो, आणि वाऱ्याच्या दिशेनं शेकडो किलोमीटर पुढचा माणूस आलेला पाऊस पाहतो. मला खंत वाटते ती अशी, की सार्वजनिक बोलण्यात या दोहोंतलं सोयीचं तेवढंच उचललं जातं. वृक्षलागवडीच्या घोषणेला उडत्या नद्या आठवतात, धरणाच्या हिशेबाला खाचेतले आकडे आठवतात.

आणि मधे माती आहे, तिच्याकडे दोन्ही पक्षांचं लक्ष उशिरा गेलं. रान तोडलेल्या जमिनीवर गुरं फिरतात, यंत्रं फिरतात, पावसाचा मारा उघड्या मातीवर बसतो आणि ती घट्ट होते. मग पडलेलं पाणी मुरत नाही, धावत सुटतं. वर्षाचा एकूण प्रवाह वाढलेला दिसतो. तो पुराच्या दिवसांत वाहून गेलेला असतो आणि उन्हाळ्यात झरे आटतात. डच जलशास्त्रज्ञ ब्राउनझील यांनी हे वर्षानुवर्षं ठासून सांगितलं: झाड जेवढं पितं त्यापेक्षा मातीत जास्त मुरवत असेल तर कोरड्या दिवसांतला प्रवाह सुधारेल, नसेल तर घटेल. बुर्किना फासोमधल्या सापोने इथलं २०१६ साली आलेलं काम याचं सुरेख उदाहरण आहे. तिथल्या शेतांत विखुरलेली झाडं असतात. झाडांपासून दूर उघड्या जागी पाणी मुरत नव्हतं, अगदी बुंध्याजवळ मुरलेलं पाणी झाडच पिऊन टाकत होतं, आणि पर्णछत्राच्या कडेला भूजलाकडे सर्वांत जास्त पाणी जात होतं. मध्यम दाटीची झाडं असतील तिथं पुनर्भरण सर्वाधिक. कोरड्या उष्ण प्रदेशांत झाडं नकोत असं म्हणणाऱ्यांना आणि शक्य तितकी लावा म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे काम थांबून विचार करायला लावतं.

जमिनीखाली अजून बरंच उलगडायचं आहे. २०१० मध्ये ऑरेगॉनमधल्या एका जंगलात आढळलं, की झाडांमधलं पाणी आणि ओढ्यातलं पाणी एकाच मातीतून येऊनही रासायनिक खुणांनी वेगळं होतं. पहिल्या पावसाचं पाणी बारीक छिद्रांत अडकून झाडांसाठी राहतं आणि नंतरचं पाणी त्याला बगल देऊन ओढ्याकडे निघून जातं, असा त्याचा अर्थ लावला गेला. नंतर अनेक ठिकाणी अशाच खुणा मिळाल्या, पण झाडातून पाणी काढण्याच्या पद्धतीनंच खुणा बिघडत असतील का यावर वाद चालू आहे. झाड ओढ्याच्या तोंडचं पाणी पळवतं, हे गृहीतकच इथं तपासायला निघालं आहे.

हे सगळं आता मोठ्या निर्णयांच्या दाराशी येऊन ठेपलंय. चीनच्या लोएस पठारावर १९९९ पासून डोंगरउतारांवरची शेती सोडून झाडं आणि गवत वाढवण्याची प्रचंड मोहीम चालली. पीत नदीतला गाळ घटला, पठार हिरवं झालं. पण २०१६ मध्ये तिथल्या संशोधकांनी इशारा दिला, की ही हिरवाई तिथल्या पाण्याच्या मर्यादेजवळ पोचली आहे आणि आणखी वाढवली तर माणसांच्या वाट्याचं पाणी कमी पडेल. २०२२ मध्ये आन्ने हूक व्हान डायके आणि सहकाऱ्यांनी जगभर शक्य तिथं झाडं परत आणली तर काय होईल हे पाहिलं. वाऱ्यासोबत परत येणारा पाऊस धरूनही, काही भागांत उपलब्ध पाणी ६ टक्क्यांपर्यंत वाढतं, काही भागांत ३८ टक्क्यांपर्यंत घटतं. सरासरी काढून हा फरक पुसता येणार नाही. घट सोसणारे आणि वाढ मिळवणारे वेगवेगळे लोक आहेत.

तोडीचं चित्र त्या मानानं स्पष्ट होत चाललंय. २०२३ मध्ये उष्ण कटिबंधातल्या तोडलेल्या जंगलांवरचा उपग्रहांनी मोजलेला पाऊस तपासला गेला. तोड जितक्या मोठ्या क्षेत्रावर, तितकी पावसातली घट जास्त. म्हणून मला वाटतं, नवं लावण्याबद्दल सावध असणं आणि उभं असलेलं न तोडण्याबद्दल ठाम असणं, या दोन्ही गोष्टी आजच्या पुराव्यातून एकत्रच निघतात. लावलेली हजारो हेक्टर झाडं जुन्या रानाचं काम कधी करू लागतील, की कधीच नाही, हे जागेवर, जातीवर आणि मातीवर ठरेल. उभं रान ते काम आज करतंय.

आणि ते काम ज्यांच्यासाठी होतं ते बहुधा त्या रानाजवळ राहत नाहीत. व्हान डेर एंट यांच्याच हिशेबात दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाता नदीच्या खोऱ्याला मिळणाऱ्या पाण्यापैकी ७० टक्के अ‍ॅमेझॉनवरून उडालेलं असतं. चीनच्या पाण्यापैकी ८० टक्के युरेशियाच्या जमिनीवरून उठलेलं असतं. एका देशातून दुसऱ्यात वाहणाऱ्या नदीसाठी करार असतात, आयोग असतात, वरचा देश आणि खालचा देश एका टेबलाशी बसतात. वाऱ्यावरून येणाऱ्या पाण्याच्या वरच्या अंगाला कोण आहे, हे आता नकाशावर काढता येतं. पाऊस कुठल्या प्रदेशातून उठून येतो त्याच्या सीमा आखण्याचं काम २०१२ पासून पॅट्रिक कीज आणि सहकाऱ्यांनी चालवलं आहे. ते नकाशे घेऊन ला प्लाताकाठचा शेतकरी आणि अ‍ॅमेझॉनमध्ये जमीन मोकळी करणारा कधी समोरासमोर बसतील का, आणि बसले तर कोणत्या कायद्याखाली, या प्रश्नावर जलशास्त्रज्ञांसोबत आता कायद्याच्या अभ्यासकांनीही बसायला हवं.